आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ : रुग्णवाहिकेत शिकले जाणारे काम

१०८ क्रमांकावर दूरध्वनी केल्यानंतर दारात येणाऱ्या रुग्णवाहिकेत साधारणतः दोनच माणसे असतात. एक गाडी चालवते, दुसरी मागच्या भागात रुग्णाशेजारी बसते. अनेक राज्यांत ही दुसरी व्यक्ती डॉक्टर नसते. तिचे पद ‘आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ’ असे असून व्यवहारात तिला ‘ईएमटी’ म्हणतात. घर ते रुग्णालय या प्रवासातील वीस, चाळीस किंवा नव्वद मिनिटांत रुग्णाच्या जिवाची जबाबदारी याच व्यक्तीवर असते. ती पेलण्याचे शिक्षण वर्गात सुरू होत असले, तरी त्यातील मोठा भाग प्रत्यक्ष गाडीतच पुरा होतो. नव्या तंत्रज्ञाला कामावर नेमके काय शिकावे लागते, ते कोण शिकवते आणि या शिकण्याला व्यवस्थेचा कितपत आधार आहे, याचा हा आढावा.

सेवेची सुरुवात आणि पदाचे स्वरूप

देशातील १०८ सेवेचा प्रारंभ १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबाद येथे झाला. ‘इमर्जन्सी मॅनेजमेंट अँड रिसर्च इन्स्टिट्यूट’ या संस्थेने तत्कालीन आंध्र प्रदेशात रुजवलेली ही पद्धत पुढे गुजरात, गोवा, कर्नाटक यांसह अनेक राज्यांनी स्वीकारली. राज्य शासनाचा निधी, एखाद्या संस्थेकडे संचालन आणि एकाच नियंत्रण कक्षातून सर्व गाड्यांचे नियोजन, असे या सेवेचे सर्वसाधारण स्वरूप आहे. महाराष्ट्रात ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. तेथे रुग्णवाहिकेत डॉक्टर नेमण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. त्यामुळे महाराष्ट्रातून हैदराबाद, सुरत किंवा बेळगाव येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाला तेथील रुग्णवाहिकेत डॉक्टरऐवजी तंत्रज्ञ दिसतो, तेव्हा काहीसे आश्चर्य वाटू शकते. तंत्रज्ञावर आधारलेली ही रचना मात्र जगातील अनेक देशांत प्रचलित आहे.

‘एआयएस-१२५’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय रुग्णवाहिका संहितेनुसार रुग्णवाहिकांचे चार प्रकार मानले जातात. पहिला, प्रथम प्रतिसादासाठीचे वाहन. यात दुचाकीचाही समावेश होतो. दुसरा, केवळ रुग्णाची ने-आण करणारे वाहन. तिसरा, प्राथमिक जीवनरक्षक सुविधा असलेली गाडी आणि चौथा, व्हेंटिलेटर, हृदयगती दर्शवणारा मॉनिटर व डिफिब्रिलेटर यांसह प्रगत सुविधा असलेली गाडी. तंत्रज्ञाच्या कामाची व्याप्ती तो कोणत्या प्रकारच्या गाडीवर आहे यावर ठरते. गोवा आणि कर्नाटक या राज्यांत वापरल्या गेलेल्या दुचाकी रुग्णवाहिकेवर तर तो एकटाच असतो.

वर्गातील शिक्षण

या कामासाठी येणारे तरुण-तरुणी बहुधा विज्ञान शाखेतील बारावी उत्तीर्ण वा पदवीधर असतात. काही जण परिचर्या किंवा औषधनिर्माणशास्त्र शिकलेले असतात. प्रारंभीच्या प्रशिक्षणात शरीररचना, श्वसनमार्ग मोकळा करणे, हृदय-फुप्फुस पुनरुज्जीवन म्हणजे सीपीआर, रक्तस्राव थांबवणे, मोडलेल्या हाडाला आधार देणे, प्रसूतीचे साहाय्य आणि नवजात बालकाची काळजी हे विषय असतात. आकडे पाठ करून घेतले जातात. प्रौढाच्या छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा. ३० दाबांनंतर २ श्वास द्यायचे. नवजात बालकासाठी हे प्रमाण ३ दाबांमागे १ श्वास असे ठेवायचे.

सराव प्लास्टिकच्या पुतळ्यावर होतो. पुतळा सपाट, कठीण जमिनीवर ठेवलेला असतो, खोलीत उजेड असतो आणि भोवती नातेवाईक नसतात. प्रत्यक्षातील रुग्ण मात्र कापसाच्या गादीवर किंवा विणलेल्या बाजेवर असतो. तेथे दाब दिल्यास छातीऐवजी गादीच दबते. रुग्णाला आधी जमिनीवर घ्यायला हवे, हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. रडणाऱ्या कुटुंबासमोर त्यांच्या माणसाला बिछान्यावरून फरशीवर उतरवण्यासाठी लागणारा ठामपणा मात्र त्या ओळीतून येत नाही. वर्ग आणि काम यांतील अंतराचे हे साधे उदाहरण होय.

पाळीचा पहिला अर्धा तास

अनेक ठिकाणी पाळी १२ तासांची असते आणि तिची सुरुवात गाडीच्या तपासणीने होते. नव्या माणसाला हे काम कारकुनी वाटण्याची शक्यता असते. अनुभवी सहकारी त्याला प्रथम ऑक्सिजनचा हिशेब शिकवतात. १० लिटर पाणीक्षमतेच्या ‘बी’ प्रकारच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे १,५०० लिटर वायू असतो. मिनिटाला १० लिटर दराने तो दीड-दोन तासांच्या दरम्यान नव्हे, तर अडीच तास पुरतो. १५ लिटर दराने १०० मिनिटेच. दाबमापकाचा काटा निम्म्यावर असेल, तर हीच मुदत ५० मिनिटांवर येते. जिल्हा रुग्णालय सव्वा तासाच्या अंतरावर असेल, तर ‘सिलिंडर आहे’ एवढी नोंद पुरेशी ठरत नाही.

हाच न्याय इतर साहित्याला लागू होतो. घशातील स्राव ओढणारे सक्शन यंत्र चालू आहे का, ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत संपली आहे का, नवजात बालकाचा मुखवटा आपल्या जागी आहे का, प्रसूतीचा संच उघडलेला तर नाही ना, हे हाताने तपासावे लागते. पाळी बदलताना आधीच्या सहकाऱ्याने ‘सगळे ठीक आहे’ असे सांगितले, तरी कप्पे स्वतः उघडून पाहावेत, हा नव्याला मिळणारा पहिला धडा असतो.

घटनास्थळी

घटनास्थळी पोहोचल्यावर आधी स्वतःची सुरक्षा पाहावी, असे प्रशिक्षणात सांगितलेले असते. महामार्गावरील अपघातात म्हणजे गाडी कोठे उभी करायची, मागून येणाऱ्या वाहनांना इशारा कसा द्यायचा, तुटलेली विजेची तार किंवा सांडलेले इंधन आहे का, हे काही सेकंदांत पाहणे. उत्तर भारतात हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी पेटवून झोपलेले कुटुंब बेशुद्ध सापडते. अशा वेळी खोलीत धावत शिरणारा तंत्रज्ञ स्वतः कार्बन मोनॉक्साइडच्या विळख्यात सापडू शकतो. या विषबाधेत बोटाला लावलेले पल्स ऑक्सिमीटर ऑक्सिजनचे प्रमाण सामान्य असल्याचे दाखवू शकते, कारण रक्ताला चिकटलेला हा वायू त्या यंत्राला वेगळा ओळखता येत नाही. यंत्रावरील आकड्याआधी खोलीकडे पाहावे, हे येथे शिकायला मिळते.

जमावाला हाताळणे हा दुसरा भाग. अपघातग्रस्ताला मदतीच्या भावनेने हातपाय धरून उचलले जाते. मानेच्या मणक्याला इजा असल्यास त्याने कायमचे अपंगत्व येऊ शकते. गर्दीवर ओरडण्याऐवजी त्यातील दोन-तीन जणांना नेमकी कामे सांगावीत, ही युक्ती जुने सहकारी देतात. एकाने डोके स्थिर धरावे, दुसऱ्याने वाहतूक वळवावी, तिसऱ्याने रुग्णाचा मोबाइल व ओळखपत्र सांभाळावे. मदत केल्यास पोलिसांचा ससेमिरा लागेल ही भीती अद्याप अनेकांच्या मनात असते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६ मध्ये मदतकर्त्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना बळ दिले आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ समाविष्ट झाले. ही माहिती रस्त्यावर उभ्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येणे, हेही कामाचा भाग ठरते.

या प्रसंगांचे प्रमाण मोठे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ जणांचा मृत्यू झाला. दुखापतीनंतरचा पहिला तास, ज्यात तातडीच्या उपचाराने मृत्यू टळण्याची शक्यता सर्वाधिक असते, त्याची ‘गोल्डन अवर’ अशी व्याख्या आता कायद्यातच आहे. या तासाचा बराच भाग रुग्णवाहिकेत जातो.

रुग्णाची भाषा

पुस्तकात हृदयविकाराचे लक्षण ‘छातीत तीव्र वेदना’ असे असते. रुग्ण मात्र ‘छाती भरून आली’, ‘जीव घाबरा होतोय’, ‘गॅस वर चढलाय’ असे सांगतात. हिंदी भागात ‘घबराहट’ हा एकच शब्द भीती, धडधड आणि दम लागणे या तिन्हींसाठी येतो. मधुमेही आणि वयस्क रुग्णांत छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. केवळ घाम, मळमळ आणि थकवा जाणवतो. ‘पित्त झाले आहे, सोडा दिला आहे’ असे घरच्यांनी सांगितले, तरी नाडी, रक्तदाब आणि घामाने ओली झालेली त्वचा पाहूनच निर्णय घ्यावा, हे काही फेऱ्यांनंतर अंगवळणी पडते. औद्योगिक शहरांत स्थलांतरित कामगारांची भाषा तंत्रज्ञाला येत नसते. तेथे शेजारच्या खोलीतील सोबत्याला गाडीत दुभाषा म्हणून बसवून घेतले जाते.

बेशुद्ध माणसाच्या तोंडाला दारूचा वास येत असला, की आसपासचे लोक ‘पिऊन पडला आहे’ असे सांगून मोकळे होतात. रक्तातील साखर घटल्यानेही माणूस बरळतो, तोल जाऊन पडतो. दारू प्यायलेल्याचीही साखर घटू शकते. त्यामुळे शुद्ध हरपलेल्या प्रत्येक रुग्णाची साखर तपासावी, हा नियम आहे. पट्टीवर ७० पेक्षा कमी आकडा आला की उपचाराची दिशाच बदलते. अशा बेशुद्ध रुग्णाच्या तोंडात साखर किंवा पाणी घालू न देणे, हेही तितकेच महत्त्वाचे असते.

धावत्या गाडीत

वर्गात स्टेथोस्कोपने रक्तदाब मोजायला शिकवतात. खडबडीत रस्त्यावर, सायरनच्या आवाजात कानांना काहीच ऐकू येत नाही. मग मनगटाची नाडी चाचपत, पट्ट्यातील हवा सोडताना ती पुन्हा लागते तो आकडा टिपावा लागतो. त्यातून वरचा रक्तदाब तेवढा कळतो, परंतु निर्णयासाठी तो बहुधा पुरतो. गार पडलेल्या बोटावर किंवा नखरंग लावलेल्या नखावर ऑक्सिमीटर चुकीचे आकडे देतो. अशा वेळी बोट चोळून गरम करणे किंवा कानाची पाळी वापरणे उपयोगी पडते. शुद्धीचे मोजमापही सोप्या चार पायऱ्यांवर येते : रुग्ण जागा आहे, हाकेला ओ देतो, वेदनेला प्रतिसाद देतो की कशालाच देत नाही. ही पायरी दर काही मिनिटांनी नोंदवली, तरच रुग्ण खालावत असल्याचे वेळेत लक्षात येते.

१०८ सेवेत गरोदर महिलांना नेण्याच्या फेऱ्या मोठ्या संख्येने असतात. त्यामुळे प्रसूतीचा प्रसंग नव्या तंत्रज्ञावर लवकर येतो. वाटेत महिला ‘शौचाला लागल्यासारखे वाटते’ म्हणू लागली, तर बाळ खाली आल्याचे ते लक्षण असू शकते. डोके दिसू लागल्यावर वेग वाढवण्याऐवजी गाडी सुरक्षित जागी थांबवायची असते. वातानुकूलन बंद करावे लागते, कारण ओले बाळ झपाट्याने गार पडते. बाळाला कोरडे करून आईच्या छातीवर ठेवणे, ते रडत असल्यास नाळ कापण्यास किमान एक मिनिट थांबणे आणि रडत नसल्यास पहिल्या मिनिटाच्या आत श्वास देण्यास सुरुवात करणे, हा क्रम असतो. बाळाकडे सर्वांचे लक्ष असताना आईचा रक्तस्राव ५०० मिलिलिटरच्या पुढे जात नाही ना, हे पाहायला तंत्रज्ञाने विसरू नये, यावर अनुभवी सहकारी भर देतात.

विषबाधा आणि सर्पदंश

ग्रामीण भागात कीटकनाशकाची विषबाधा हा वारंवार येणारा प्रसंग आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले होते. अशा रुग्णाचे कपडे उतरवून त्वचा धुणे, हातमोजे घालणे, खिडक्या उघड्या ठेवणे, तोंडातील स्राव सतत ओढून काढणे ही कामे एकाच वेळी करावी लागतात. घरच्यांकडून औषधाचा डबा मागून घेतल्यास रुग्णालयातील डॉक्टरांना त्यावरील नाव कळते. मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्याचा आग्रह मात्र मोडून काढावा लागतो.

सर्पदंशाने भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यू झाल्याचा, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार मृत्यूंचा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. हे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवून केंद्राने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. नाग किंवा घोणस यांच्या दंशाची सूज दिसते. मण्यार मात्र रात्री जमिनीवर झोपलेल्यास चावते आणि खूण जवळजवळ दिसत नाही. पहाटे पोटदुखीने उठलेल्या मुलाच्या पापण्या जड होत असतील, तर सर्पदंशाची शंका घ्यावी, हे मण्यार आढळणाऱ्या भागात काम करणाऱ्या तंत्रज्ञाला माहीत असावे लागते. नातेवाइकांनी पायाला घट्ट दोरी बांधलेली असते. ती घाईने सोडल्यास साचलेले विष एकदम शरीरात पसरण्याचा धोका असतो. म्हणून डॉक्टरांच्या उपस्थितीत ती सोडण्याची सूचना उपचारपद्धतीत आहे. घाईने चूक सुधारण्यातही चूक होऊ शकते, याचे हे उदाहरण.

दूरध्वनीवरील डॉक्टर आणि रुग्णालयाचे दार

तंत्रज्ञाला औषधे स्वतःच्या मर्जीने देता येत नाहीत. अनेक राज्यांतील १०८ सेवेत नियंत्रण कक्षातील डॉक्टर दूरध्वनीवरून मार्गदर्शन करतात. डॉक्टरांना रुग्ण दिसत नसतो. तंत्रज्ञ जे सांगेल, तेच त्यांना कळते. नवा माणूस ‘रुग्ण सिरियस आहे’ एवढेच सांगतो. सरावलेला तंत्रज्ञ वय, घडले काय, किती वेळापूर्वी, नाडी, श्वास, रक्तदाब, साखर, शुद्धीची पायरी आणि आतापर्यंत केलेले उपचार, या क्रमाने अर्ध्या मिनिटात माहिती देतो. रुग्णालयात रुग्ण सोपवतानाही हाच क्रम उपयोगी पडतो. घट्ट पट्टा बांधून रक्तस्राव थांबवला असल्यास पट्टा बांधल्याची वेळ लिहून द्यावीच लागते. ती नसेल, तर पुढील डॉक्टरांना अवयवाला किती धोका आहे, याचा अंदाज येत नाही.

काही वेळा रुग्णालय ‘खाट नाही’ म्हणून दारातूनच परत पाठवू पाहते. जखमीला तातडीचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात स्पष्ट केले आहे. वाद न घालता, पण रुग्ण तपासला गेल्याखेरीज न हलता, नियंत्रण कक्षाला कळवणे हे कौशल्य कोणत्याही पुतळ्यावर शिकवता येत नाही.

शिकवणारा कोण?

या सर्व गोष्टी नव्या तंत्रज्ञाला बहुतेक वेळा दोन माणसे शिकवतात : पाळीवरचा ज्येष्ठ तंत्रज्ञ आणि चालक. १०८ सेवेत चालकाला ‘पायलट’ म्हणतात. वर्षानुवर्षे त्याच भागात फिरलेल्या पायलटला कोणत्या गल्लीत गाडी शिरत नाही, कोणत्या रुग्णालयात रात्री शल्यचिकित्सक असतो, कोणत्या वळणावर मागच्या माणसाला आधी हाक द्यायला हवी, हे ठाऊक असते. स्ट्रेचर जिन्यातून उतरवताना दुसरे टोक त्याच्याच हातात असते. वयाने मोठ्या पायलटला ‘दादा’, ‘अण्णा’ किंवा ‘भैया’ म्हणत नवखे तंत्रज्ञ कितीतरी गोष्टी विचारून घेतात.

अडचण अशी, की गाडीत दोनच माणसे असतात. रुग्णालयात नव्या परिचारिकेला हाकेच्या अंतरावर ज्येष्ठ सहकारी मिळते. रुग्णवाहिकेत नव्याची स्वतंत्र नेमणूक झाली, की मागच्या भागात तो एकटाच असतो. चांगला ज्येष्ठ सहकारी सुरुवातीच्या दिवसांत लाभला तर तो घडतो, न लाभल्यास चुकांमधून शिकतो. त्या चुकांची किंमत मात्र रुग्ण मोजतो. अमेरिकेतील अनेक सेवांत नव्या कर्मचाऱ्यासोबत काही काळ प्रशिक्षक अधिकारी गाडीत असतो. तो प्रत्येक फेरीनंतर नोंदी तपासतो आणि स्वतंत्र कामाची परवानगी टप्प्याटप्प्याने देतो.

भारतात या पदाला कायदेशीर ओळख मिळण्याची वाट २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने मोकळी केली. त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांचा समावेश असून शिक्षणाचे किमान निकष, केंद्र व राज्य पातळीवरील नोंदवही यांची तरतूद आहे. नोंदणीमुळे पात्रता ठरेल. परंतु पहिल्या काही महिन्यांत गाडीत तिसरी, अनुभवी व्यक्ती असावी की नाही, हा प्रश्न मनुष्यबळाचा आणि खर्चाचा आहे. अनेक ठिकाणी कर्मचारी कंत्राटी असल्याने अनुभव मिळालेली माणसे दुसरीकडे निघून जातात आणि शिकवणारेच कमी पडतात.

फेरी संपल्यानंतर

आणखी एक धडा कोणी उघडपणे शिकवत नाही. पहिला मृत्यू, विशेषतः लहान मुलाचा, नव्या तंत्रज्ञाच्या मनात राहतो. गाडी धुऊन, चादर बदलून, सिलिंडर पाहून तो पुढच्या फेरीस सज्ज होतो. त्याविषयी बोलायला वेळ नसतो. सोपवलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हेही त्याला सहसा कळवले जात नाही. त्यामुळे आपला निर्णय बरोबर होता की चुकला, हे न कळताच तो पुढच्या रुग्णाकडे जातो. रुग्णालयाकडून फेरीच्या नोंदीवर चार ओळींचा अभिप्राय परत येण्याची व्यवस्था झाली, तर त्यासाठी नवी यंत्रे लागणार नाहीत. नोंदपत्रक आजही दोन्हीकडे असतेच; ते रुग्णासोबत रुग्णालयात जाते, पण उत्तर घेऊन परत येत नाही.